मॉनिटरिंगच्या अहवालातून मराठी बातम्या वारंवार सुटत असतील तर

तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. सकाळी मॉनिटरिंगचा अहवाल, म्हणजे कंपनीने सॉफ्टवेअरवर ठरलेले शब्द शोधून काढलेल्या आपल्या विषयावरच्या बातम्यांची यादी, मेलवर येतो. इंग्रजी कात्रणं भरपूर, मराठी एखाद-दुसरं. तासाभराने विश्वस्तांपैकी कुणाचा तरी फोन येतो, ‘आज पेपरात आपल्या विषयावर आलंय, अहवालात कसं नाही?’ मग कंपनीला मेल जातो, ते शब्दांच्या यादीत दोन शब्द वाढवून देतात, आठवडाभर बरं चालतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

मी परळ-शिवडी पट्ट्यात क्षयरुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं माध्यमांचं काम पाहते. त्यामुळे खालची उदाहरणं क्षयरोगाची आहेत. तुमचा विषय शाळा असो, पाणी असो की लोकल गाड्या, दुखणं तेच असतं. मराठी शोध इंग्रजी शोधासारखा बांधलेला असतो. इंग्रजीत चार शब्द टाकले की विषय बराचसा हाती लागतो. मराठीत तोच विषय विभक्ती, बोली, शुद्धलेखन आणि कीबोर्ड यांच्या हातून कितीतरी वेगळ्या रूपांत छापला जातो, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी प्रत्येक रूप वेगळा शब्द असतो.

आमच्यासाठी हा प्रश्न वर्षअखेरीच्या अहवालातल्या आकड्यांचा नाही. २०२४ च्या मार्चमध्ये क्षयरोगाच्या औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना काही महिन्यांपुरती स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितलं. अशा काळात कुठल्या दवाखान्यात काय संपलं हे आधी स्थानिक पानावरच्या छोट्या बातमीत दिसतं. ती बातमी त्याच सकाळी हातात आली तर दुपारपर्यंत फोन करता येतात, पर्यायी साठा शोधता येतो. क्षयरोगाचा औषधोपचार मध्येच तुटणं किती महागात पडतं हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

छापील अंकात डोळ्यांनी पाहिलेली, पण अहवालात नसलेली एक बातमी घ्या. तिचं वेबपान उघडा. मथळ्यातले चार-पाच सलग शब्द त्या पानावरून कॉपी करा. स्वतः टाइप करू नका, कारण पुढे येईलच. ते शब्द सॉफ्टवेअरच्या मुख्य शोधात टाका. भाषा, प्रदेश, स्रोत यांतला एकही फिल्टर ठेवू नका आणि तारखेची मुदत दोन्ही बाजूंना आठवडाभर वाढवा.

बातमी सापडली, तर ती कंपनीने जमवलेल्या बातम्यांच्या साठ्यात आहे आणि दोष तुमच्या शोधसूत्रात (म्हणजे शोधायचे शब्द आणि त्यांच्या अटी यांत) किंवा फिल्टरमध्ये आहे. नाही सापडली, तर ती साठ्यात आलेलीच नाही. मग शब्द कितीही वाढवा, उपयोग नाही. बहुतेक ठिकाणी ही चाचणी न करताच शब्द वाढवले जातात, म्हणून दुखणं पुन्हा पुन्हा उलटतं.

बातमी साठ्यातच नसेल तर

स्रोतांच्या यादीत ‘लोकसत्ता’, ‘महाराष्ट्र टाइम्स’, ‘लोकमत’, ‘सकाळ’ ही नावं दिसली की आपण निर्धास्त होतो. पण ते नाव वेबसाइटचं आहे की छापील अंकाचं? छापील असेल तर कोणत्या आवृत्तीचं? मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई इथली स्थानिक पानं वेगवेगळी असतात, आणि स्थानिक पानावरची पाच ओळींची बातमी वेबसाइटवर चढतेच असं नाही. कंपनीकडून आवृत्तीनिहाय यादी लेखी मागून घ्या. तोंडी ‘सगळे मराठी पेपर कव्हर होतात’ यावर थांबू नका.

पुढचा प्रश्न विचारायचा तो असा : छापील पान माणूस वाचून टॅग करतो की यंत्र? ई-पेपरचं पान म्हणजे बहुधा एक चित्र असतं आणि त्यातली अक्षरं ओसीआरने, म्हणजे चित्रातला मजकूर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने, ओळखावी लागतात. देवनागरीत शिरोरेषेने अक्षरं एकमेकांना जोडलेली, वर-खाली मात्रा, त्यात अरुंद स्तंभ आणि काळ्या पट्टीवर पांढरा मथळा. अशा ठिकाणी ओसीआर अडखळतं. मजकूर बरा वाचला जातो, पण मथळाच निसटतो असंही होतं. म्हणून छापील स्रोतांसाठी शोध फक्त मथळ्यापुरता कधीही ठेवू नका, पूर्ण मजकुरावर ठेवा.

काही ठिकाणी पीडीएफमध्ये अक्षरं खरीखुरी असतात, पण जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं, मात्र यंत्राला त्यात रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला मिळतो. ओळखायला सोपं आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर ठीक, नाहीतर कंपनीला त्या स्रोतासाठी रूपांतरण बसवायला सांगावं लागेल.

आणि मुंबईचं म्हणून एक सांगावंसं वाटतं. या शहरात १८२२ पासून निघणारं ‘मुंबई समाचार’ गुजराती आहे, ‘इन्किलाब’ उर्दू आहे, हिंदी दैनिकंही आहेत. गोवंडी किंवा भायखळ्यातली बातमी मराठी पानावर शोधून सापडली नाही म्हणजे ती छापलीच गेली नाही असं नव्हे. आम्ही उर्दू आणि गुजरातीचे मोजकेच शब्द, ती भाषा रोज वाचणाऱ्या सहकाऱ्यांकडून लिहून घेऊन, वेगळ्या सूत्रात ठेवले आहेत. भाषांतर यंत्राकडून घेतलेले शब्द तिथे चालत नाहीत. पेपर काय लिहितो ते पाहावं लागतं.

साठ्याचा आणखी एक रोग असा की स्रोत गुपचूप बंद पडतो. वेबसाइटची रचना बदलली, फीडचा (जिथून बातम्या आपोआप उचलल्या जातात त्याचा) पत्ता बदलला, आणि सॉफ्टवेअर काही न बोलता त्या पेपरच्या बातम्या आणणं थांबवतं. शोधसूत्र लावून हे कळत नाही. दर सोमवारी कोणतंही सूत्र न लावता प्रत्येक स्रोताच्या एकूण बातम्यांचा आकडा पाहा. दैनिकाचा आकडा सलग दोन दिवस शून्य असेल तर लगेच कळवा. अर्थात दिवाळी-दसऱ्यासारख्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी छापील अंकच नसतो, तेवढं ध्यानात ठेवा.

साठ्यात आहे, पण अहवालात नाही

खरं काम इथे आहे, आणि ते तुमचं-आमचं आहे. कंपनीचा प्रतिनिधी ते करून देऊ शकत नाही, कारण त्याला तुमचा विषय रोज कोणत्या शब्दांत छापला जातो हे ठाऊक नसतं.

विभक्तीपासून सुरुवात करू. ‘शिवडी’ सोपं आहे. शिवडीत, शिवडीच्या, शिवडीला, सगळ्यांचा आरंभ तोच, त्यामुळे ‘शिवडी’पुढे तारका (*), म्हणजे ‘यापुढे काहीही आलं तरी चालेल’ ही खूण, टाकली की भागतं. पण ‘ठाणे’पुढे तारका टाकली तर ‘ठाण्यात’ आणि ‘ठाण्याच्या’ सुटतात, कारण सामान्यरूप होताना शेवटचा स्वरच बदलतो. वांद्रे-वांद्र्यात, कुर्ला-कुर्ल्यात, दवाखाना-दवाखान्यात, पालिका-पालिकेने, सगळीकडे हेच. नियम असा ठेवा : शब्दाचा शेवटचा स्वर काढायचा आणि उरलेल्या व्यंजनापुढे तारका लावायची. वांद्र*, कुर्ल*, दवाखान*, पालिक*.

या नियमाची किंमतही आहे. ‘ठाण*’ लावलं की ‘पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल’ अशा बातम्यांचा पूर येतो. ‘गोळ्या’ पकडायला ‘गोळ*’ लावलं की गोळीबार, गोळाफेक, गोळाबेरीज सगळं आत येतं. अशा शब्दांची रूपं एकेक करून लिहावीत : गोळ्या, गोळ्यांचा, गोळ्यांची, गोळ्यांअभावी. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीपुढची तारका नीट चालतच नाही, कारण काना-मात्रा हा अक्षराचा भाग न मानता शब्द तिथेच तुटतो. चाचणी अशी : एकाच मुदतीत एकदा ‘क्षयरोग*’ शोधा आणि एकदा नुसतं ‘क्षयरोगाचा’. तारकेच्या शोधाचा आकडा दुसऱ्यापेक्षा कमी आला तर तारका कामाची नाही हे उघड आहे. मग रूपं लिहिण्याला पर्याय नाही, आणि ही त्रुटी कंपनीला लेखी कळवा.

याच्या उलट त्रासही होतो. आमच्या विषयाचा मूळ शब्द ‘क्षय’. शोध शब्दाच्या पोटातही जुळवत असेल तर ‘अक्षय’ आत येतो. एप्रिल-मेमध्ये अक्षय तृतीयेची सोनेखरेदी आणि वर्षभर अक्षय कुमारच्या सिनेमांच्या बातम्या क्षयरोगाच्या अहवालात बसतात. ‘टीबी’ची गत तीच. नव्या फोनची जाहिरातवजा बातमी ‘एक टीबी स्टोरेज’ म्हणते (तिथे टीबी म्हणजे टेराबाइट) आणि तीही आमच्याकडे येते. यावर ‘अक्षय’ आणि ‘स्टोरेज’ सरसकट वगळणं हा घाईचा उपाय आहे. अक्षय नावाचा रुग्ण किंवा डॉक्टर बातमीत असू शकतो, मग ती बातमीही जाते. त्यापेक्षा ‘टीबी’ला जोडीदार द्या. त्याच्या आसपास दहा शब्दांत रुग्ण, उपचार, औषध, निदान, आरोग्य यांपैकी काहीतरी असलंच पाहिजे अशी अट घाला. ‘क्षय’ पूर्ण शब्द म्हणून शोधा आणि क्षयरोग, क्षयरुग्ण, क्षयाचा, क्षयाने ही रूपं वेगळी लिहा. ‘निक्षय’ हा सरकारी योजनेतला शब्दही स्वतंत्र टाका, तो ‘क्षय*’मध्ये येणार नाही.

जो शब्द तुमच्या यादीत नाही, तोच मथळ्यात असतो

माझ्या मते सगळ्यात जास्त बातम्या इथे सुटतात. आपण यादीत ‘औषधटंचाई’ आणि ‘तुटवडा’ लिहितो. उपसंपादक मात्र मथळा देतो ‘दवाखान्यात औषधांचा खडखडाट’. किंवा ‘रुग्णांची परवड’, ‘हेळसांड’, ‘ससेहोलपट’, ‘रुग्ण वाऱ्यावर’. मराठी पत्रकारितेची ही जुनी, बांधेसूद भाषा आहे आणि वाचकाला ती एका क्षणात समजते. इंग्रजीतून भाषांतर करून केलेल्या यादीत ती कधीच येत नाही. क्षयरोगाचं नाव बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात येतं आणि पहिल्या दोन परिच्छेदांत फक्त परवड असते. सूत्र जर मथळ्यावर किंवा पहिल्या काही ओळींवर चालत असेल तर बातमी गेलीच.

म्हणून विषयाचे शब्द आणि अडचणीचे शब्द असे दोन गट करा. पहिल्यात क्षयरोग, टीबी, एमडीआर (औषधांना दाद न देणारा क्षयरोग), शिवडीचं क्षयरोग रुग्णालय. दुसऱ्यात खडखडाट, तुटवडा, टंचाई, परवड, हेळसांड, अभावी, विना, संपली, रखडली, प्रतीक्षा. दोन्ही गटांतला एकेक शब्द एकाच बातमीत आला की ती ‘तातडीची’ म्हणून वेगळ्या मेलने यावी. बाकीच्या नेहमीच्या अहवालात. यात एक सावधगिरी बाळगा : ‘आरोग्य यंत्रणा सलाइनवर’, ‘योजना व्हेंटिलेटरवर’ असे मथळे केवळ अलंकारिक असतात, तेव्हा सलाइन आणि व्हेंटिलेटर हे शब्द अडचणीच्या गटात नकोत.

बातमीचा सूर चांगला की वाईट हे सॉफ्टवेअर आपोआप ठरवतं, त्यावर मराठीसाठी मी तरी विसंबत नाही. ‘खडखडाट’ त्याला तटस्थ वाटू शकतो. तो रकाना हाताने भरा.

संस्थांची आणि जागांची नावंही अशीच पसरलेली असतात. बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबई महापालिका, नुसतं पालिका, मनपा, बीएमसी. शीव आणि सायन, परळ आणि परेल. ‘एम पूर्व’, ‘एम/पूर्व’ आणि ‘एम ईस्ट’ हा एकच वॉर्ड आहे. केईएम कधी सलग, कधी टिंबं देऊन, कधी मध्ये जागा सोडून. ही यादी एकदा बसून करावी.

डोळ्यांना सारखं, यंत्राला वेगळं

आता कॉपी करायला का सांगितलं ते. ‘रुग्ण’ हा शब्द ऱ्हस्व उकाराने लिहायचा, पण ‘रूग्ण’ आणि ‘रूग्णालय’ छापील पानांवर आणि वेबवर सर्रास दिसतात. दोन्ही रूपं सूत्रात हवीत, शुद्ध-अशुद्धचा आग्रह इथे सोडून द्यावा लागतो.

त्याहून चकवणारी गोष्ट म्हणजे ‘कर्मचाऱ्यांची’ हा शब्द. यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे वेगळं अक्षर असतं. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं : ‘कर्मचार्‍यांची’. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखे, पण यंत्राला वेगळे. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करण्याची सोय, ही दोन रूपं एकत्र करत नाही. ‘अॅप’ आणि ‘ॲप’चंही तसंच आहे. एकात ‘अ’वर चंद्र दिलेला आहे, दुसऱ्यात ‘ॲ’ हे एकच अक्षर आहे, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. जुन्या सवयीचे कीबोर्ड अजून पहिलं रूप देतात. निक्षय ॲपबद्दलच्या बातम्या शोधताना आमचं सूत्र दोन्ही रूपांत आहे.

उपाय साधा आहे. सूत्रातला प्रत्येक असा शब्द किमान दोन वेगवेगळ्या पेपरांच्या पानांवरून कॉपी करून घ्या. म्हणजे न दिसणारं चिन्हही सोबत येतं. ज्यांच्याकडे तांत्रिक माणूस आहे त्यांनी कंपनीला सांगावं की शोधाआधी सूत्रातला आणि बातमीतला, दोन्हीकडचा मजकूर एकाच रूपात आणा. तो कायमचा इलाज आहे.

भाषेचा फिल्टर आणि घड्याळ

लिपी एकच असल्याने छोट्या मजकुराची भाषा ओळखताना मराठी बातमीवर हिंदीचा शिक्का बसतो. चार शब्दांचा मथळा, त्यात ‘आहे’ नाही, ‘ळ’ नाही, तर यंत्र तरी काय करणार. तुमच्या सूत्रावर ‘भाषा : मराठी’ असा फिल्टर असेल तर ही बातमी तिथेच गळते. फिल्टर काढा आणि त्याऐवजी मराठी स्रोतांची यादी लावा.

घड्याळाचा घोळ मात्र अनेकांना वर्षानुवर्षं कळत नाही. सॉफ्टवेअरचा दिवस जागतिक वेळेनुसार धरलेला असेल तर तो आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. सकाळच्या अंकातल्या बऱ्याच बातम्या वेबसाइटवर रात्री बारा ते पाच या वेळात चढतात, म्हणजे यंत्राच्या हिशेबाने त्या कालच्या ठरतात. ‘आजच्या बातम्या’ या अहवालात त्या येत नाहीत, आणि कालचा अहवाल तर केव्हाच निघून गेलेला असतो. सेटिंगमध्ये भारतीय वेळ निवडा. तरीही खात्री नसेल तर अहवाल दिनांकाऐवजी ‘गेले छत्तीस तास’ असा घ्या आणि दुबार आलेल्या बातम्या हाताने काढा.

पुढे पाठवताना

मराठी मथळा असलेला वेबपत्ता कॉपी केला की तो टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ होतो, कारण देवनागरीतलं एकेक अक्षरचिन्ह त्यात नऊ खुणा खातं. मेलमध्ये ती माळ मध्येच तुटते आणि दुवा उघडत नाही. पत्ता लहान करणारी सोय वापरा. सॉफ्टवेअरमधून घेतलेला दुवा पाठवण्याआधी ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून पाहा. लॉगिन मागत असेल तर तो विश्वस्तांकडेही उघडणार नाही. यादी एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीचा चुराडा दिसला तर फाइल थेट उघडू नका, ‘डेटा’मधून आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा.

ई-पेपरची पूर्ण पीडीएफ व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तो कॉपीराइटचा भंग आहे, आणि टेलिग्रामवर अशा प्रती फिरवणाऱ्या वाहिन्यांबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्ये आदेशही दिलेला आहे. पेपरचं नाव, आवृत्ती, पान, तारीख, तुमच्या शब्दांत दोन ओळींचा सारांश आणि दुवा, इतकं पुरतं. कात्रणांची प्रत लागतच असेल तर परवानगी कंपनीच्या करारात आहे का ते विचारा.

बातमीत रुग्णाचं नाव, वस्ती किंवा फोटो असेल तर ती ग्रुपवर जाऊ देऊ नका. ज्याला पुढची कारवाई करायची आहे त्या एकाच माणसाला कळवा. क्षयरोगाचं नाव निघालं की घर रिकामं करायला सांगणारे मालक याच शहरात आहेत.

कंपनीला मेल लिहिताना

‘मराठी बातम्या येत नाहीत’ एवढंच लिहिलं तर उत्तर ‘शब्द वाढवले आहेत’ असंच येणार. सुटलेल्या बातम्यांची एक साधी शीट ठेवा : मथळा, दुवा, पेपर आणि आवृत्ती, बातमी चढल्याची वेळ, वरच्या चाचणीत सापडली की नाही, आणि कोणत्या शब्दामुळे सुटली. साठ्यात नसलेल्या बातम्या एका मेलमध्ये, तारकेची किंवा अक्षररूपांची त्रुटी दुसऱ्या मेलमध्ये पाठवा. कंपनीत ही दोन कामं वेगळे लोक करतात आणि एकाच मेलमध्ये घातलं की दुसरं मागे पडतं. सूत्रातले शब्द मात्र शीटवरून तुम्हीच वाढवा. आमच्याकडे ती उजळणी २४ मार्चच्या जागतिक क्षयरोग दिनाआधी आणि पावसाळ्याआधी होते, कारण त्या दिवसांत आरोग्याच्या बातम्या वाढतात आणि नवे शब्द येतात. तोवर एक छापील मराठी पेपर रोज ऑफिसात येऊ द्या आणि कुणीतरी तो अहवालाशी ताडून पाहू द्या.